एका खेपेत जमवा!

चांदूर रेल्वे म्हटलं की पुण्यातल्या मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला. "रेल्वे हे गावाचं आडनाव आहे का रे?" तर हो, तसंच समजा :-) अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर. एक चांदूर बाजार आणि दुसरं आमचं, मुंबई-हावडा लाइनवरचं, बडनेऱ्याच्या पुढे. स्टेशन आहे म्हणून चांदूर रेल्वे. आजचा विषय मात्र रेल्वे नाही (मध्येच थोडी येईल). आजचा विषय आहे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि तिच्यात कोंबलेली रेती.

रेतीच का? तर गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरावर एक खोली चढवायचं काम निघालं. बाबांना वऱ्हाडातल्या उन्हात उभं ठेवायचं नाही असं घरात ठरलं, दादा नोकरीमुळे बाहेरगावी, त्यामुळे 'वर्क फ्रॉम होम'वाला मी महिनाभर तिकडे. सकाळी कॉल, दुपारी कोड आणि मध्येच खाली हॉर्न वाजला की चपला घालून माल मोजून घ्यायचा. त्या महिन्यात एक वाक्य इतक्यांदा कानावर पडलं की शेवटी मी ते मोजायला लागलो. "एकाच खेपेत जमवा ना!" म्हणणारा कधी ठेकेदार, कधी दुकानदार, कधी नुसता बघायला आलेला शेजारी. ट्रॉलीवाला हे वाक्य कधीच म्हणत नव्हता. गंमत आहे की नाही? गाडी त्याची, डिझेल त्याचं, आणि खेप वाचवायची घाई बाकी सगळ्यांना.

आधी थोडं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे. आपल्याकडे रेती आणि गिट्टी विकतात ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. दहा बाय दहाच्या खोलीत फूटभर उंचीचा थर दिला तर तो एक ब्रास. कोरड्या रेतीचं वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो धरतात. म्हणजे एक ब्रास कोरडी रेती झाली साडेचार टन. नदीतून काढलेली पाणी टपकणारी रेती असेल तर पाच टनांच्याही वर. हजार विटा, प्रत्येकी तीन किलो धरली, तर तीन टन. सिमेंटची बॅग ५० किलोची, म्हणजे वीस बॅगांचा एक टन. आणि गावात फिरणाऱ्या बऱ्याचशा ट्रॉल्या असतात तीन ते पाच टनांच्या. म्हणजे एक ब्रास रेतीतच बिचारीचं पोट भरलेलं असतं. त्यावर फळ्या लावून सव्वा-दीड ब्रास चढवली की काय होतं ते तुम्हीच काढा.

आता लोखंडाचं बघा. सळई विकतात किलोवर. साइटवरच्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल की सळईच्या जाडीचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, की मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, बारा मीटरची अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास. ठेकेदाराला हे तोंडपाठ, कारण त्याचे पैसे त्यात आहेत. रेतीच्या ब्रासचं वजन विचारा. "भरते एक ट्रॉली," असं उत्तर येतं. विकायचं माप घनफूट, मजुरीचं माप खेप, आणि गाडीला कळतं ते माप किलो! तीन मापं, आणि तिसऱ्याबद्दल विचारणारा कोणी नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटावं. आपणही डॅशबोर्डवर युजर मोजत बसतो आणि सर्व्हर झोपतो मेमरी संपल्यामुळे.

त्यात आपल्या संस्कृतीत एक शब्द आहे, शीग. पायलीने धान्य मोजताना काठोकाठ भरून वर जो डोंगर उभा राहतो ती शीग. शीग देणारा माणूस मोठ्या मनाचा, आणि हाताने सपाट करून देणारा चिक्कू. हा हिशोब आपल्या रक्तात आहे. म्हणूनच ट्रॉली सपाट भरून आली की आपल्याला कुठेतरी फसवल्यासारखं वाटतं. वर डोंगर दिसला पाहिजे! पण पायली जमिनीवर ठेवलेली असते. ट्रॉली चाकांवर असते, आणि वरचा प्रत्येक फूट तिचा गुरुत्वमध्य आणखी वर नेतो. वळणावर, खड्ड्यात, रस्त्याच्या खचलेल्या कडेवर ट्रॉली कलते तेव्हा ही शीगच तिला खाली ओढते.

ट्रॉली म्हणजे काय, हे शहरातल्या मंडळींसाठी थोडक्यात. पुढचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास. मागे ट्रॉली, एका पिनेवर अडकवलेली. गावाकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला, तेही मागच्या दोन चाकांना. आता ट्रॉलीचं स्वतःचं वजन टन-सव्वा टन, वर सहा टन रेती. म्हणजे दोन टनांच्या यंत्राने मागच्या सात टनांना थांबवायचं. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरने चाललंय तोवर सगळं छान. चांदूर-अमरावती रस्त्यावर पोहऱ्याच्या जंगलातून येताना चढ-उतार लागतात. तसा उतार लागला की ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत नसतो, ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते. अशा वेळी वळण आलं आणि ब्रेक दाबला, तर दोघं कात्रीसारखे मिटतात. चढावर उलटं. पिनेवर ओझं इतकं येतं की ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडतात, आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं मुळीच नाही. अमेरिकेतला माझा एक मित्र अंगणात फरशा बसवायच्या म्हणून कारच्या मागे भाड्याचा छोटा ट्रेलर लावून हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानातल्या माणसाने अर्धाच माल चढवला आणि सांगितलं, उरलेला दुसऱ्या फेरीत. का? तर फरशा दिसतात छोट्या, ट्रेलरचा तळसुद्धा झाकला जात नाही, पण वजनाची मर्यादा तिथेच संपते. आणि तिकडचा नियम असा की एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या हुकावर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो, जास्त आला तर कारचं नाक वर. मित्र मोठ्या कौतुकाने हे मला सांगत होता. मी म्हटलं, अरे बाबा, हे तर आपल्या बंडीवाल्यांना पूर्वीपासून माहीत आहे.

वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात. दोन चाकं, एक कणा. कापूस भरताना शेतकरी मागे-पुढे फिरून जू हाताने उचलून बघतो. ओझं मागे जास्त झालं तर बंडी 'उलार' होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं तर सगळा भार त्यांच्या मानेवर. 'उलार' हा शब्द माझ्या आजोबांच्या तोंडी रोजचा होता. आज एका कण्याच्या ट्रॉलीत रेती मागे सरकली की नेमकं तेच होतं. पुढची दांडी उचलली जाते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, आणि ब्रेक असतात त्याच चाकांना. फरक एवढाच की आता जू उचलून बघायला कोणी जात नाही.

आणि बैलांसाठी कायदाही आहे बरं का. १९६५ सालच्या केंद्राच्या नियमांत बैल लहान, मध्यम की मोठा, गाडीला रबरी टायर आहेत की नाहीत, बॉल बेअरिंग आहे की नाही, यावरून किती किलो ओझं चालेल त्याचा तक्ता दिलाय. लांब आणि खड्या चढावर ते ओझं निम्मं करायचं. साठ वर्षांपूर्वी बैलासाठी एवढा बारीक विचार झाला, कारण बैल दमलेला दिसतो. तो थांबतो, फेस गाळतो, वेळ आली तर सरळ बसकण मारतो.

आमच्याकडे रेती आणणारा ट्रॉलीवाला हे माझ्यापेक्षा चांगलं बोलला. पहिल्या दिवशी चहा पिताना मी त्याला सहज विचारलं, "भाऊ, एवढी कशाला भरता?"

"म्या कुठं भरतो भाऊ? भराले लावते लोकं. अर्धा फूट कमी आणली त गिऱ्हाईक म्हणते, हवा इकून राहिला काय बे!"

"मग गाडीला त्रास नाही होत?"

"बैल असता त बसला असता. ट्रॅक्टर बसत नाही ना भाऊ. तो नुसता चालते. आन् एक दिवस चालत नाही."

हे शेवटचं वाक्य मी त्याच रात्री फोनमध्ये लिहून ठेवलं. आमच्या धंद्यात ज्याला 'फेल्युअर मोड' म्हणतात त्यावर इतकं नेमकं बोललेलं मी कुठल्याही कॉन्फरन्समध्ये ऐकलेलं नाही. लोखंड तक्रार करत नाही. पाटे वाकतात, पिनेत केसाएवढी चीर पडते, टायर तापतो, आणि हे सगळं प्रत्येक खेपेला थोडं थोडं साठत जातं. दहा वेळा दीड ब्रास आणली आणि काही झालं नाही, यातून 'दीड ब्रास चालते' हे सिद्ध होत नाही. दहा खेपांचं नुकसान आत जमा झालंय, एवढंच त्यातून कळतं.

त्याच्याबरोबर रेती ओढायला एक तरुण पोरगा यायचा. डाव्या पायाने लंगडत चालायचा. ट्रॉलीवाल्याचाच धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणाच्या ट्रॉलीवर कामाला होता. गिट्टीच्या ढिगावर बसून येत होता, उतारावर पिन तुटली, ट्रॉली रस्ता सोडून नालीत गेली. पाय वाचला, पण वाकडा बसला. मी विचारलं, दवाखान्याचा खर्च कोणी दिला? "घरचाच," तो म्हणाला. आणि गिट्टी? ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॉलीत भरून गेली. ज्याचं घर होतं त्याचा स्लॅब ठरलेल्या तारखेला पडला.

मला तेव्हापासून एकच गोष्ट छळते. या सगळ्या व्यवहारात खेप वाचते कोणाची आणि पाय जातो कोणाचा? खेपेचे पैसे वाचतात घरमालकाचे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांचे. ती रक्कम किती, तर पुण्यात दोघांनी बाहेर जेवल्यावर येणाऱ्या बिलाएवढी. पिन, टायर आणि पाटे जातात ट्रॉलीवाल्याचे. आणि हाडं मोडतात ढिगावर बसलेल्या माणसाची, ज्याचा 'किती भरायचं' या चर्चेत आवाजच नसतो. तो ढिगावर बसतो, कारण खाली उतरवायला माणूस लागतो आणि त्याला आणायला वेगळी गाडी कोणी पाठवत नाही. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच वऱ्हाडात, बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या कामाचं लोखंड आणि त्याच्यासोबत मजूर घेऊन निघालेला टिप्पर उलटला. तेरा मजूर गेले. माल आणि माणूस एकाच पाटीत घातले की गाडी उलटल्यावर माल माणसावर पडतो. याला इंजिनीअर कशाला हवा?

आता म्हटलं तशी रेल्वे :-) आमच्या स्टेशनवर उभं राहिलं की मालगाड्या जाताना दिसतात. लहानपणी मी डब्यांवरचे आकडे वाचत बसायचो. प्रत्येक वाघिणीवर रंगाने लिहिलेलं असतं, रिकामं वजन किती आणि माल किती टन चालेल. कोळशाच्या नेहमीच्या वाघिणीला चार कणे, एका कण्यावर २०.३२ टन, म्हणजे मालासकट ८१.२८ टन. २००५ च्या सुमारास, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना, ही मर्यादाच वाढवली. ठरावीक मार्गांवर वाघिणीमागे आठ आणि वर दोन टनांपर्यंत जास्त माल, म्हणजे कण्यावर साधारण २२.८ टन. रुळांचं काय होणार यावर तेव्हा बराच वाद झाला. पण वाद घालायला निदान आकडा होता. किती वाढवलं, कुठल्या मार्गावर वाढवलं, हे कागदावर होतं आणि वजनकाट्यावर तपासता येत होतं. ट्रॉलीच्या बाबतीत वाद घालायलासुद्धा आकडा नाही. सगळा कारभार 'अजून दोन घमेली' वर.

आकडा लिहिणं सोपं नसतं, हेही खरं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जहाजं इतकी भरून पाठवत की खलाशी त्यांना तरंगत्या शवपेट्या म्हणायचे. जहाज बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे मिळत, खलाशाच्या घरी नुसती बातमी जाई. सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या खासदाराने यावर रान उठवलं, आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर रेघ काढणं सक्तीचं झालं. मात्र ती रेघ कुठे काढायची हे ठरवणं मालकाच्याच हातात राहिलं! तो अधिकार काढून घ्यायला १८९० साल उजाडलं. आज जगातल्या प्रत्येक मोठ्या मालवाहू जहाजावर तशी रेघ असते. ट्रॉलीचा फाळका ही खरं तर आपली रेघ. आपण तिच्यावर फळी ठोकून ती वर सरकवतो, त्या काळच्या मालकांसारखीच.

आणि हे सगळं सहन करणारा रस्ता? आमची काळी माती कपाशीला सोनं, रस्त्याला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये खास चाचणीचे रस्ते बांधून त्यावर भरलेले ट्रक सतत फिरवले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की कण्यावरचा भार वाढला तर रस्त्याचं नुकसान त्याच्या चौथ्या घाताने वाढतं. भार दीडपट, नुकसान पाचपट. भार दुप्पट, नुकसान सोळापट! म्हणजे दीडपट भरून एक खेप आणली तर तीन खेपांचं काम दोनात होतं खरं, पण त्या दोन खेपा रस्त्याला दहा खेपांइतक्या महाग पडतात. मग गणपतीत गावी आलेलो आपणच रस्त्यावरच्या खड्ड्यांचे फोटो टाकतो.

कायदा म्हणाल तर कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आला. जादा माल तिथेच उतरवायचा, तोही खर्च वेगळा. कायद्याची भाषा गाडी चालवणाऱ्यापुरती नाही, चालवायला लावणाराही तिच्यात येतो. व्यवहारात पावती फाडली जाते ट्रॉलीवाल्याचीच. घरमालक गेटशी उभा राहून विचारतो, "एवढा उशीर काहून झाला?"

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. बाबांनी तिसऱ्या दिवशी ट्रॉलीवाल्याला बोलावलं आणि म्हणाले, "भाऊ, फाळक्यापर्यंतच भरायची. खेपा जितक्या होतील तितक्यांचे पैसे घ्या. आन् पोराले ढिगावर बसवू नका, त्याले माझ्या गाडीवर पाठवून देत जा." ट्रॉलीवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. "काकाजी, ठेकेदार बोलंन."

"बोलू द्या. घर माझं आहे."

ठेकेदार बोललाच. शेजारच्या काकांनीही "पैसे लय झाले वाट्टे" असा टोमणा मारला. रेतीच्या दोन आणि गिट्टीची एक अशा तीन खेपा वाढल्या. काम एक दिवस लांबलं. बाबा काही फार तत्त्वाचे वगैरे नाहीत, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी अर्धा तास घालतात. मी विचारलं तर म्हणाले, "त्या पोराचा पाय पाहिला ना तू." बस्स.

असो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलाय, गावी आईबाबांच्या घराचं काम निघतंय किंवा निघेल. तेव्हा पैसे तुम्ही पाठवणार, म्हणजे शब्द तुमचा चालणार. तेव्हा एवढं करा. ट्रॉलीच्या किंवा छोट्या हत्तीच्या आरसी बुकात रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. दोन्हींची वजाबाकी करा. २००५ साली आलेल्या पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता पाऊण टनाच्या आसपास होती, म्हणजे सिमेंटच्या पंधरा बॅगा. तीस नाही. रेती ओली असेल तर ब्रासमागे अर्धा-पाऊण टन जास्त धरा. आणि भाव ठरवतानाच सांगा की खेपा मोजून पैसे मिळतील, शीग नको. ट्रॉलीवाला आधी जरा संशयाने बघेल, कारण असं सांगणारं गिऱ्हाईक त्याला सहसा भेटत नाही. दुसऱ्या खेपेला तो स्वतःच फाळक्यावरची फळी काढून येईल. आमच्याकडे आला होता.